कात्रीबाई आणि जज्जसाहेबांचे गुलाब

गावाच्या टोकाला, जिथे डांबरी रस्ता संपतो आणि रान सुरू होतं, तिथे एका ओळीत सहा घरं आहेत. सहा घरांच्या सहा बागा, आणि त्या सगळ्या सांभाळणारी बाई एकच. तिचं खरं नाव त्या गल्लीत कुणालाच ठाऊक नव्हतं. कमरेच्या पट्ट्याला कायम छाटणीची कात्री लटकलेली, म्हणून ती कात्रीबाई. बोलणंही तसंच होतं, कामापुरतं ठेवून बाकीचं छाटून टाकलेलं.

खरा माळी तिचा नवरा. सार्वजनिक बागेत त्याने बावीस वर्षं काम केलं होतं. एकदा वठलेली फांदी तोडताना शिडी सरकली आणि तो पाठीवर पडला. तीन महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, "नशीब समजा. चालाल, फिराल. पण वाकणं आणि ओझं उचलणं बंद." आता माळीकामात चालणं कमी आणि वाकणंच जास्त. तो घरी बसला आणि वेताच्या खुर्च्या विणून द्यायला लागला. तोवर लाँड्रीत इस्त्री करणाऱ्या बायकोने त्याची कात्री उचलली.

पहिल्या वर्षी तिने जेवढी झाडं जगवली त्यापेक्षा मारली जास्त. पण हात टेकणाऱ्यांतली ती नव्हती. रोज संध्याकाळी खिशातून रोगट पानं, किडलेल्या काड्या, मातीची ढेकळं असं काय काय घेऊन यायची आणि टेबलावर मांडायची. नवरा चष्मा चढवून एकेक पान उजेडात धरायचा. "ह्याला पाणी जास्त झालंय. ह्याला ऊन पुरत नाही. आणि हे नुसतं नाटक करतंय, ह्याला काही झालेलं नाही." अशी चार वर्षं गेली. चार वर्षांत तिच्या हाताला गुण आला आणि त्या ओळीतल्या सगळ्या फाटकांच्या किल्ल्या तिच्या जुडग्यात आल्या.

शेवटचं घर जज्जसाहेबांचं. निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, पण अजूनही ते निकाल वाचून दाखवल्यासारखेच बोलत. बाग त्यांची नव्हे, बाईसाहेबांची. साहेब आठच्या आधी उठत नसत, आणि उठले की रस्त्याकडच्या खोलीत पुस्तकांत जाऊन बसत. मागच्या अंगणात काय उगवतं आणि काय वाळतं याची त्यांना गंधवार्ता नसे. तिथे स्वयंपाकघराच्या खिडकीखाली बाईसाहेबांनी स्वतः कलमं करून वाढवलेले अकरा गुलाब होते, पिकल्या जर्दाळूच्या रंगाचे. पलीकडे लिलीचा वाफा, घेवड्याच्या दोन ओळी आणि नासपतीचं एक कोवळं रोप. मग कमरेएवढं मेंदीचं कुंपण, आणि मेंदीच्या पलीकडे सरळ रान.

त्या वर्षी बाईसाहेब घरातल्या घरात पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, तीन आठवडे हॉस्पिटलात राहावं लागणार होतं. शुक्रवारी सोडणार असं कळल्यावर साहेबांनी मनाशी ठरवलं की बायको घरी येईल तेव्हा तिचे गुलाब फुललेले असले पाहिजेत. आयुष्यात पहिल्यांदाच ते मागच्या अंगणात गेले आणि कळ्या मोजायला लागले. रविवारी संध्याकाळी तेवीस भरल्या. सोमवारी सकाळी उरली होती एक.

त्या दिवशी कात्रीबाई फाटकातून आत आली ती साहेब ओट्यावर उभेच होते. तिने गुलाबांकडे एक नजर टाकली आणि कळ्या गेलेल्या दिसल्या. जवळ जाऊन बघणार तोच साहेब म्हणाले, "बाई, आधी आत या."

आतल्या खोलीत त्यांनी तिला बसायला सांगितलं. चार वर्षांत ती त्या खोलीत कधी बसली नव्हती. साहेब खिडकीकडे तोंड करून बोलत होते.

"मागच्या फाटकाची किल्ली तुमच्याकडे आणि माझ्याकडे. तिसरी नाही. बरोबर?"

"हो साहेब."

"हॉस्पिटलच्या दाराशी एक फूलवाली बसते. मी रोज तिथून जातो. आज सकाळी तिच्या बादलीत गुलाब होते. ह्याच रंगाचे."

"ती माझी नणंद."

"ते मला कळलं." साहेब वळले. आवाज चढलेला नव्हता, आणि तेच वाईट होतं. "मी तुमच्यावर आरोप करत नाही. माझ्याकडे पुरावा नाही. मी तुम्हाला संशयाचा फायदा देतो. फक्त, बाईसाहेब घरी येईपर्यंत तुम्ही आला नाहीत तर बरं."

कात्रीबाई उठली. तिने जुडग्यातून किल्ली काढली. ती निघता निघेना, नखाने कडी उघडता उघडता बोट सोललं. किल्ली टेबलावर ठेवून ती बाहेर पडली.

तिसऱ्या घरात एक शाळामास्तरीण राहायच्या. त्यांच्याकडे गेली तर अवजारांच्या खोपटाला कुलूप. त्या खोपटाला कुलूप असतं हेच तिला पहिल्यांदा कळलं. मास्तरीणबाई दारात आल्या आणि तिच्या डोळ्यांना डोळा न देता म्हणाल्या, "आज राहू दे. मी सांगेन." साहेब सकाळी दूध आणायला गेले असताना ह्या बाईंशी बोलले होते, हे तिला नंतर समजलं. त्यांचं बोलणं एकाच घरात झालं होतं. पण असल्या गोष्टीला पाय फुटायला कितीसा वेळ लागतो?

ती घरी आली तेव्हा नवरा दाराशी खुर्ची उलटी घालून बसला होता. वेताचं टोक दातात धरलेलं. बायको बारा वाजता घरी आली म्हटल्यावर त्याने ते काढलं. नणंदही भाकरतुकडा खायला दुपारी घरी यायची, ती नेमकी तेव्हाच आली. कात्रीबाईने दोघांना झालेलं सांगितलं. शेवटी म्हणाली, "मला ते म्हणाले, संशयाचा फायदा देतो. आजवर कुणी मला कसलाच फायदा दिला नाही, आणि दिला तो हा."

नणंदेच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "माझ्या बादलीतले गुलाब घाऊक बाजारातले, वहिनी. जुडीच्या जुडी येतात, अख्ख्या गावात तोच रंग आहे ह्या महिन्यात. आत्ता जाते आणि त्या जज्जाच्या समोर बादली ओतते. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच."

"बादली ओतून काय होणार?" नवरा म्हणाला. "फुलं मिळतील त्याला फुकट." मग बायकोकडे वळून त्याने विचारलं, "देठ कसे होते?"

"कसले देठ?"

"कळ्या गेल्या, देठ तर राहिले असतील. कापलेले होते की तोडलेले?"

कात्रीबाईने खिसे चाचपले. तिने देठ बघितलेच नव्हते. ती म्हणाली, "ते बोलायला लागले आणि मला पुढचं काही दिसेना."

"चार वर्षं रोज खिसा भरून पानं आणतेस," नवरा हळूच म्हणाला, "आणि आज नेमकी रिकामी आलीस. उद्या जा आणि देठ बघून ये."

"त्यांनी येऊ नका म्हणून सांगितलंय."

"कामाला येऊ नका म्हणालेत. दारावरची घंटा वाजवायला कुणाची परवानगी लागत नाही."

त्या रात्री तिला झोप लागली नाही हे सांगायला नको. कर नाही त्याला डर कशाला, असं म्हणणं सोपं असतं. पण हिच्याकडे सहा घरांच्या किल्ल्या होत्या आणि त्या किल्ल्या म्हणजेच तिची अब्रू. एक उतरली की बाकीच्या पाच आपोआप उतरणार, हे तिला कळत होतं.

मंगळवारी दहा वाजता तिने पुढच्या दाराची घंटा वाजवली. साहेबांनी दार उघडलं आणि कपाळाला आठी घातली.

"साहेब, पाच मिनिटं गुलाब बघायचेत. तुम्ही शेजारी उभे राहा. मी हात लावणार नाही."

"कशासाठी?"

"तुम्ही एवढे खटले चालवलेत. जागा न बघता निकाल दिलात का कधी?"

ती हे बोलून गेली आणि मग तिलाच धसका बसला. पण साहेबांनी दार पूर्ण उघडलं. "चला," ते म्हणाले.

मागे जाऊन बघते तर कालची ती एक कळीही गेली होती. शिवाय लिलीचा अर्धा वाफा भुईसपाट आणि घेवड्याचे सगळे शेंडे गायब. रात्रीतून झालेलं. साहेबांनी ते आत्ताच पाहिलं, कारण कालपासून त्यांनी मागचं दार उघडलंच नव्हतं. त्यांचा हात खिशाकडे गेला. मागच्या फाटकाच्या दोन्ही किल्ल्या आता त्यांच्याच खिशात होत्या.

कात्रीबाई गुलाबाजवळ गुडघ्यांवर बसली. तिने कमरेची कात्री काढली आणि तिच्या टोकाने, हात न लावता, एकेक देठ दाखवायला लागली.

"हे बघा साहेब. मी कापते तेव्हा काप तिरका येतो, गुळगुळीत, जिथून कोंब फुटतो त्या डोळ्याच्या वर बोटभर. हा बघा, हा मागच्या महिन्यातला माझा. आणि आता हा बघा."

साहेब चष्मा लावून वाकले. देठाचं टोक चिंध्या झालेल्या कापडासारखं होतं, सालीचे धागे लोंबत होते.

"हे कापलेलं नाही. हे हिसडलेलं आहे. हरणाला वरचे पुढचे दात नसतात. खालच्या दातांनी धरायचं, वर दाबायचं आणि मान झटकायची. म्हणून असं फाटतं."

"हरीण? अहो, मी अकरा वर्षं इथे राहतोय. एक हरीण पाहिलं नाही."

"रानाच्या पलीकडे नवा रस्ता खणतायत ना, सुरुंगाचे आवाज येतात दिवसा. ती इकडे सरकली असतील. बाकीच्या बहुतेक घरांना एक तर भिंत आहे नाही तर कुत्रा आहे. तुमच्याकडे नुसती मेंदी."

"शेळी कशावरून नसेल? तिलाही वरचे पुढचे दात नसतात."

कात्रीबाईने मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. साहेबांना शेळीच्या दातांचं कसं माहीत, हा प्रश्न तिला पडला, पण तिने तो विचारला नाही. "शेळी असती तर मेंदीसुद्धा ठेवली नसती, साहेब. आणि इथे शेळ्या आहेत कुणाकडे?"

मग तिने घेवड्याच्या वाफ्यात खुराचा ठसा दाखवला, दोन फाकांचा, पुढे टोकदार. लिलीच्या कडेला काळ्या लेंड्या दाखवल्या. साहेबांनी सगळं बघितलं, दोन्ही हात पाठीमागे बांधून, जणू त्या लेंड्याच शपथ घेऊन साक्ष देतायत.

"हा सगळा परिस्थितीजन्य पुरावा झाला," शेवटी ते म्हणाले. "मजबूत आहे. पण प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय मी म्हणणार नाही."

"मग बघा ना. उजाडताना येतात ती. उद्या पहाटे स्वयंपाकघराच्या खिडकीत बसा."

"तुम्हीही या," साहेब म्हणाले. आणि जरा थांबून, "किल्ली देऊ का?"

"नको. मी पुढच्या दारानेच येते."

बुधवारी ती आली तेव्हा अजून धूसर होतं. साहेब उठून बसले होते, स्वेटरची बटणं एकेक घर चुकलेली. त्यांनी स्वतः चहा केला होता. तो इतका कडू होता की तिने तो औषधासारखा एका दमात घेतला. दिवा बंद करून दोघं खिडकीशी बसली, साहेब स्टुलावर, ती बटाट्याच्या खोक्यावर. बराच वेळ काहीच नाही. एक पक्षी ओरडला. पलीकडे कुणाच्या तरी नळाचा आवाज आला. कात्रीबाईच्या मनात आलं, आज नेमकी आलीच नाहीत तर? जनावराला काय पडलंय कुणाच्या अब्रूचं?

आणि मग मेंदीच्या मागे दोन कान दिसले.

ती मादी होती. तिने बराच वेळ मान उंच करून वास घेतला. मग काही विशेष न करता, जिन्याची एखादी पायरी चढावी तशी, मेंदीवरून आत आली. तिच्या मागून दुसरी, आणि एक पाडस. पाडसाने उडी दोनदा चुकवली आणि तिसऱ्यांदा मेंदी मोडूनच आत आलं. पहिली मादी सरळ लिलीच्या उरलेल्या वाफ्यापाशी गेली. मान झटकली. फटकन आवाज झाला. तोंडातून लोंबणारं लिलीचं पान घेऊन ती खिडकीकडे बघत चघळत राहिली, दहा हातांवर.

साहेबांचा श्वास कात्रीबाईला ऐकू येत होता.

"ओळख पटली," ते कुजबुजले.

कात्रीबाईचा जीव भांड्यात पडला. नुसता पडला नाही, खळ्ळकन आवाज करून पडला. दोन दिवस आवळून धरलेलं सगळं अंग एकदम सैल झालं, आणि तिला हसू यायला लागलं. ओठ दाबले तरी थांबेना. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती हसत होती. बाहेर पाडस नासपतीच्या रोपाला अंग घासत होतं, साल निघत होती, आणि खरं तर तिने धावत जाऊन हाकलायला हवं होतं. पण त्या क्षणी तिने त्यांना सगळी बाग खाऊ दिली असती.

साहेब उभे राहिले. त्यांनी स्वेटरची चुकलेली बटणं काढून नीट लावली आणि मग बोलले.

"बाई, मी चुकलो. मी तुमच्याबद्दल वाईट विचार केला आणि तो चांगल्या शब्दांत सांगितला. हे जास्त वाईट. मला माफ करा."

"माफ काय, साहेब," ती डोळे पुसत म्हणाली. "पण मला तो फायदा नकोय. संशयाचा. तो परत घ्या. मला संशयच नको."

"नाही. तसा राहिलेला नाही."

"तुमच्याकडे नाही. पण तुम्ही तिसऱ्या घरी बोललात. तिथून ते पुढे गेलंय."

साहेबांनी घड्याळ बघितलं. सात वाजायला आले होते. ते तसेच, घरातल्या चपलांत आणि झोपायच्या पायजम्यात, पुढच्या दाराने बाहेर पडले. कात्रीबाईने पुढच्या खिडकीतून बघितलं. त्यांनी पाचव्या घराची घंटा वाजवली. मग चौथ्या. मास्तरीणबाईंच्या दारात ते सगळ्यात जास्त वेळ उभे होते. जज्जाला पायजम्यात बघून कुणाला आधी काळजी वाटली, कुणाला हसू आलं. पण ऐकलं सगळ्यांनी. परत आल्यावर त्यांनी फाटकाची किल्ली तिच्या हातात ठेवली आणि म्हणाले, "मास्तरीणबाई विचारत होत्या, दुपारी येणार का. त्यांच्या आवाजात जरा खजीलपणा होता."

मग प्रश्न राहिला हरणांचा. बाईसाहेब परवा येणार होत्या. कात्रीबाईने नासपतीचं सोललेलं रोप तपासलं, एक फाटका देठ तोडून खिशात घातला आणि म्हणाली, "ह्यातलं मला जेवढं येतं ते सांगून झालं. आता माझ्या मालकांना विचारायला हवं. पण ते येऊ शकत नाहीत."

"का?"

"पाठ. इतकं लांब चालवत नाही."

"मोटार आहे माझ्याकडे," साहेब म्हणाले. "खुर्ची पण आहे. खरं म्हणजे मला तुमच्या नणंदेलाही भेटायचंय. तिकडूनच जाऊ."

हॉस्पिटलच्या दाराशी नणंद बादली मांडूनच बसली होती. साहेब मोटारीतून उतरले. तिने त्यांना ओळखलं आणि कमरेवर हात ठेवला. "काय देऊ साहेब? बाजारातला माल देऊ, की चोरीचा हवाय?" साहेब लाल झाले. त्यांनी तिचीही माफी मागितली, आणि जर्दाळू रंगाच्या दोन जुड्या घेतल्या. नणंदेने तिसरी आपणहून घातली. "बाईसाहेबांना," ती म्हणाली. "तुम्हाला नाही."

नवरा मोटारीतून आला तो डाव्या हातात काठी आणि उजव्या हातात वेताची दुरुस्त केलेली हलकी खुर्ची घेऊन. साहेबांची खुर्ची त्याला चालली नाही. म्हणाला, "बूड खाली बसतं हिच्यात." मेंदीपाशी खुर्ची टाकून तो बसला आणि बराच वेळ नुसता बघत राहिला. चार वर्षांत तो पहिल्यांदा बागेत आला होता. बायकोने त्याच्याकडे बघितलं आणि नजर काढून घेतली.

"उंच भिंत बांधायची का?" साहेबांनी विचारलं.

"नको. बाईसाहेबांना रान दिसायला हवं असेल. हरीण पुरुषभर उंच उडी मारतं, आणि लांबही मारतं. पण उंच आणि लांब अशी दोन्ही एकदम त्याला मारता येत नाही. म्हणून मेंदीच्या आत, दीड माणूस अंतरावर, दुसरं बुटकंच कुंपण घालू. मधल्या पट्टीत उतरावं तर अडकू, असं त्याला वाटतं. ते उडी मारत नाही. पण त्याला खांब लागतील, आठवडा जाईल. परवापर्यंत काय करता येईल ते बघू."

परवापर्यंत त्यांनी दोन गोष्टी केल्या. मासेमारीच्या गळाची पारदर्शक दोरी, तंगूस म्हणतात तो, आणून मेंदीलगत काठ्या ठोकून बांधला, गुडघ्याला एक, कमरेला एक, छातीला एक. हरणाला तो दिसत नाही. अंगाला काहीतरी लागतं आणि काय लागलं ते कळत नाही, म्हणून ते बिचकतं. नवरा खुर्चीतून हुकूम सोडत होता. "साहेब, ताण द्या. अजून. ढिला सोडलात तर त्यात कपडे वाळत घालायला लागतील." आणि निवृत्त न्यायाधीश दात ओठ खात ताण देत होते. दुसरी गोष्ट म्हणजे अंड्यांचं पाणी. नासकी अंडी, लसूण, मिरची आणि साबणाचा चुरा पाण्यात घुसळून, फडक्यातून गाळून, प्रत्येक झुडपावर फवारायचं. कात्रीबाईने फवारा मारला आणि साहेब शिंकत शिंकत ओट्यावर पळाले. "हरणं येणार नाहीत हे नक्की," ते आतून म्हणाले. "मी तरी येणार नाही." नासपतीच्या खोडाभोवती तारेची जाळी उभी केली, पुढे शिंगं घासायला नर आला तरी साल वाचावी म्हणून.

गुरुवारी पहाटे साहेब एकटेच खिडकीत बसले. मादी आली, मेंदीपाशी मान पुढे केली, छातीला दोरी लागली. ती दचकून मागे सरली. पुन्हा आली, पुन्हा लागली. मग नाक मुरडून, खरंच मुरडून असं साहेबांनी सांगितलं, ती वळली आणि पाडसाला घेऊन रानात गेली. हे सांगायला त्यांनी सकाळी साडेसहाला कात्रीबाईच्या घरी फोन केला.

शुक्रवारी बाईसाहेब चाकांच्या खुर्चीतून घरी आल्या. साहेबांनी जर्दाळू रंगाची फुलं भांड्यात लावून ठेवली होती, पण बाईसाहेबांनी आधी मागचं दार उघडायला सांगितलं. समोर बोडके गुलाब, अर्धी लिली, काठ्या, तारा, आणि सगळीकडे दरवळणारा तो अंड्यांचा वास. साहेब अपराध्यासारखे मागे उभे. त्यांनी सगळं सांगितलं, स्वतःचं वागणंही. काही वगळलं नाही.

बाईसाहेबांनी ऐकून घेतलं. मग कात्रीबाईला म्हणाल्या, "पुढच्या दाराने येऊन तू ह्यांना जागा बघायला लावलीस, ते बरं केलंस. तीस वर्षं मी सांगतेय, आधी जागा बघा, मग बोला." आणि गुलाबांकडे बघून, "मुळं शाबूत आहेत ना? मग रडायचं कारण नाही. छाटणी आपण करणारच होतो, ती हरणांनी केली. जरा वाईट केली, एवढंच. नीट छाटून घे. सात आठवड्यांत फुलतील."

"सहा," मेंदीपाशी खुर्चीत बसलेला नवरा म्हणाला. तो त्या दिवशीही आला होता, खांबांच्या जागा आखायला. "शेणखत घातलं तर सहा."

साडेसहा आठवडे लागले. तोवर दुसरं कुंपण उभं राहिलं, कमरेएवढंच, आणि मधल्या पट्टीत बाईसाहेबांनी लॅव्हेंडर, रोझमेरी आणि पुदिना लावायला सांगितला, कारण हरणांना असले उग्र वास आवडत नाहीत आणि बाईसाहेबांना आवडतात. गुलाब आले तेव्हा त्या काठी घेऊन त्या पट्टीतून चालत होत्या, साहेब एक पाऊल मागे. हरणं अजून येत. मेंदीपाशी थांबत, दोन्ही कुंपणांकडे बघत, आणि जात. मास्तरीणबाईंनी सगळ्यात आधी आपल्याही मागच्या बाजूला तशीच दोरी लावून मागितली, कारण हरणं आता तिथे चव बघायला लागली होती. मग पाचव्या घराने. ओळीतल्या प्रत्येकाला काय लावायचं आणि काय नाही हे विचारायला माणूस हवा होता, आणि तो माणूस कात्रीबाईच्या घरी दाराशी खुर्च्या विणत बसलेला होता.

आता मंगळवारी आणि शुक्रवारी दोघं बरोबर निघतात. साहेब मोटार पाठवतो म्हणतात, पण अर्ध्या वाटेपर्यंत तो चालतो. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, असं म्हणतो. वाकायचं काम तिचं आणि बोलायचं त्याचं. त्यामुळे तिला आता फार बोलावं लागत नाही, आणि ती त्यातच खूश आहे. परवा किल्ल्यांचा जुडगा घेऊन ती रस्त्यावर आली तर तो आतच.

"अहो, येताय ना?"

"टोपी सापडत नाही. उन्हात बसायचं असतं मला."

ती फाटकाशी उभी राहिली. पूर्वी असती तर सहा बागा डोळ्यांसमोर येऊन तिचा पाय अस्वस्थ झाला असता. आता ती आरामात कुंपणाला टेकली, चेहरा उन्हाकडे केला, आणि आत तो एकेक खण उघडून बंद करत होता ते ऐकत राहिली.